“आवाज येतो, शब्द कळत नाही” म्हणजे नेमकं कुठे काय बिघडतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील, अण्णा, वय ७३. लासलगावला कांद्याच्या बाजारात पस्तीसएक वर्षं अडतीचं काम केलं, आता नाशिकला तुमच्याकडे असतात. दारावरची बेल, कुकरची शिट्टी, खाली भाजीवाल्याची हाक, सगळं त्यांना ऐकू येतं. पण रात्री जेवायला चार-पाच जण बसले की बोलणं हातून निसटतं. ‘सात’ म्हटलं तर ‘साठ’ ऐकतात. कान तपासून झाले, रिपोर्टात मध्यम घट आली, कानाचं मशीन घेतलं, तरी अण्णांचं म्हणणं तेच: “आवाज येतो गं, शब्द कळत नाही.” शिवाय मेंदू बोलण्यातल्या प्रत्येक आवाजावर वेळेचा शिक्का मारतो असं तुमच्या वाचनात आलं, आणि अण्णांच्या मेंदूतला हा शिक्का पुसट झालाय का, असं तुम्ही विचारलंत.

नाशिकमध्ये मी बावीस वर्षं कान आणि वाचा तपासतो आहे. अण्णांचं ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पेशंट खुर्चीत बसायच्या आत मला ते दिसतं. घरच्यांना वाटतं, म्हातारा हट्टी झालाय, लक्ष देत नाही, हवं तेवढंच ऐकतो. हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण तक्रार अगदी खरी असते आणि रिपोर्टातल्या आलेखात ती दिसतच नाही. तो आलेख एवढंच सांगतो की कोणत्या पट्टीचा किती बारीक आवाज कानाला लागतो. बोलणं कळण्यासाठी आवाज नुसता लागून भागत नाही, तो वेळेवर आणि धारदार पोचावा लागतो. शिक्का मारणारा माणूस बहुतेक जागेवरच आहे. त्याच्या हातात येणारा कागदच ओला आणि फरकटलेला आहे.

वेळेवर म्हणजे किती वेळेवर, ते आधी बघा. तळहात तोंडासमोर धरा आणि सावकाश म्हणा: कार, खार, गार, घार. जीभ चारही वेळा टाळूला एकाच जागी टेकते. फरक पडतो तो कंठातल्या पडद्यांची थरथर केव्हा सुरू होते यावरून. ‘कार’मध्ये जीभ सुटल्यावर साधारण वीस-तीस मिलिसेकंदांत थरथर सुरू होते. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ‘खार’मध्ये जीभ सुटते, हवेचा झोत तळहाताला लागतो, आणि थरथर यायला ऐंशी-शंभर मिलिसेकंद जातात. ‘गार’मध्ये उलटं, जीभ सुटायच्या आधीच कंठ थरथरायला लागलेला असतो. १९६४ मध्ये लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी अकरा भाषांमध्ये ही वेळ मोजली आणि त्या अकरांत आपली मराठीही होती. क, ख, ग या एका मापाने सुटे झाले. ‘घ’ मात्र ‘ग’च्याच वेळेला येतो, त्याचं वेगळेपण जीभ सुटल्यानंतरच्या श्वासमिश्रित आवाजात असतं, त्यामुळे हे एकटं माप तिथे अपुरं पडतं, हेही त्यांनी नोंदवलं.

मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. शाळेत आपण क-ख-ग-घ, च-छ-ज-झ, ट-ठ-ड-ढ अशा ओळी पाठ केल्या. आडव्या ओळी जीभ कुठे टेकते ते सांगतात आणि उभे रकाने कंठ केव्हा आणि कसा बोलू लागतो ते. मिलिसेकंद मोजणारं कुठलंही यंत्र नसताना कुणीतरी नुसत्या कानाने आणि जिभेने हा तक्ता मांडला. आणि त्या फरकाची जाण आपण जवळजवळ जन्मतःच घेऊन येतो. १९७१ मध्ये आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना ‘बा’ आणि ‘पा’सारखे आवाज ऐकवले. चोखणी चोखण्याच्या वेगावरून दिसलं की केवळ वीस मिलिसेकंदांचा फरकही बाळांच्या लक्षात येतो, जर तो दोन अक्षरांच्या सीमेवर असेल तर.

आता कानात काय होतं ते. कानाच्या आत शंखासारखा वळलेला भाग असतो, त्यात आवाजाची थरथर टिपणाऱ्या केसपेशी असतात, आतल्या आणि बाहेरच्या. आतल्या केसपेशी सुमारे साडेतीन हजार आणि त्यांच्यापासून मेंदूकडे तीसएक हजार तंतू निघतात. आवाजाच्या लाटेचा प्रत्येक उंचवटा आला की हे तंतू एकदम ठोका देतात. सेकंदाला चार-पाच हजार लाटांपर्यंत त्यांचा ठेका लाटेशी जुळलेला राहतो. पुढे मेंदूच्या देठात दोन्ही कानांचे ठोके एकमेकांशी ताडून पाहिले जातात. आवाज डावीकडून आला तर उजव्या कानाला तो फार तर पाऊण मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि आपण त्याहून कितीतरी बारीक, मिलिसेकंदाच्या शंभराव्या भागाएवढाही फरक ओळखू शकतो. रविवार कारंजावर मागून हॉर्न वाजला की मान बरोबर त्याच बाजूला वळते ती याच जोरावर. जेवणाच्या टेबलावर कोण बोलतंय हे चटकन कळणंही यावरच चालतं. म्हणून मशीन दोन्ही कानांना लावा असा माझा आग्रह असतो. तुमच्या पत्रावरून अण्णांना एकाच कानाला घेतलंय असं दिसतं. खर्च दुप्पट होतो, मला माहीत आहे. तरी दोन्ही कानांत घट असेल तर मी दोन महागड्या सोयी कमी करीन, पण दुसरा कान सोडणार नाही.

आता तुमचा शिक्का. आपण सेकंदाला दहा ते पंधरा सुटे ध्वनी बोलतो. १९६९ मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एकमेकांशी संबंध नसलेले आवाज, फुसकारा, गुणगुण, शिट्टी वगैरे, प्रत्येकी २०० मिलिसेकंद असे एकामागून एक फिरते वाजवले. लोकांना प्रत्येक आवाज ओळखता येत होता, पण कोणता आधी आणि कोणता नंतर हे सांगता येईना. मग बोलण्यातले आवाज त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने येत असताना ‘काप’ आणि ‘पाक’ यांत आपला घोटाळा का होत नाही? तबला शिकणाऱ्याला सुरुवातीला ‘तिरकिट’ हा एकच पुंजका ऐकू येतो, त्यातले चार बोल हात बसल्यावर सुटे होतात, तसंच काहीसं इथे होत असणार असं आम्ही विद्यार्थी असताना मानायचो.

२०२२ मध्ये लॉरा ग्विलियम्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी याचं बरंच नेमकं उत्तर दिलं. एकवीस जणांना त्यांनी गोष्टी ऐकवल्या, दोन-दोन तास, आणि मेंदूतल्या विद्युतप्रवाहांमुळे डोक्याबाहेर उमटणारं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र सतत टिपलं. दिसलं ते असं: ध्वनी कानावरून निघून गेल्यानंतरही मेंदू त्याला बराच वेळ धरून ठेवतो, त्यामुळे कोणत्याही क्षणी शेवटचे तीन ध्वनी एकाच वेळी हाताळले जात असतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत, कारण प्रत्येक ध्वनीचा मेंदूतला ठसा जागच्या जागी थिजून राहत नाही, क्षणाक्षणाला पुढे सरकत बदलत जातो. आत्ता आलेल्या ‘क’चा ठसा वेगळा आणि मघाशी आलेल्या ‘क’चा वेगळा. त्या ठशातच ध्वनी कोणता आणि तो येऊन किती वेळ झाला, हे दोन्ही असतं.

अण्णांना समजावायचं असेल तर असं सांगा. कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत लागतो, बोली झाली की भुईकाट्यावर जातो, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. आवारात तीन ट्रॅक्टर असले तरी कुणाच्या बोनेटवर नंबर लिहावा लागत नाही. जो खळ्यावर आहे तो सगळ्यात आधी आला, जो रांगेत आहे तो आत्ता आला. मेंदूतला वेळेचा शिक्का हा असा आहे, पुढे सरकलेल्या जागेचा.

याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी अण्णांच्या बाबतीत फार कामाच्या आहेत. पुढचा ध्वनी अपेक्षित असेल तर मेंदू त्याला लवकर पकडतो. आणि शब्द कोणता हे नक्की झालेलं नसेल तर आधीचे ध्वनी जास्त वेळ धरून ठेवतो.

लिलावात काय व्हायचं आठवा. “अकराशे, अकराशे दहा, अकराशे पंचवीस, एकावन्न...” भोवती शंभर माणसं, ट्रॅक्टरची धडधड, आणि तरी अण्णांची एक बोली चुकत नसे. कान तेव्हा तरुण होते, हे आहेच. पण अकराशे दहानंतर काय येऊ शकतं याच्या मोजक्याच शक्यता असतात, आणि मेंदू त्या हातात घेऊन उभा असतो. जेवणाच्या टेबलावर नातू क्रिकेटवरून एकदम परीक्षेवर येतो, सूनबाई मध्येच गॅस सिलिंडरचं विचारतात, तुम्ही लग्नाचं काढता. अपेक्षा बांधायला जागाच नाही. त्यात एक ध्वनी अस्पष्ट आला, की तो सुटेपर्यंत मेंदू धरून ठेवतो, तेवढ्यात पुढचे चार येऊन आदळतात. भुईकाट्यावर एक ट्रॅक्टर अडकला की मागची रांग गेटबाहेर जाते. अण्णा अशा वेळी हसून मान डोलावत असतील. बहुतेक जण तसंच करतात.

ध्वनी मुळात अस्पष्ट का येतो? वयोमानाने आधी जाते ती वरची पट्टी. स, त, च यांची ओळख पटवणारी बरीचशी ऊर्जा तिथेच असते. ‘सात’मधला ‘त’ दातांमागे फुटतो, त्याचा स्फोट बारीक, उंच पट्टीचा. ‘साठ’मधल्या ‘ठ’साठी जीभ मागे वळते, त्याचा स्फोट खालच्या पट्टीत. उंच पट्टी गेली की ‘त’ला ‘ट-ठ’चा रंग चढतो. उरलेला पुरावा ‘आ’च्या शेवटच्या चाळीस-पन्नास मिलिसेकंदांत असतो, जीभ कुठे चाललीय त्यावरून स्वर किंचित वळतो तेवढा. त्यावर पंख्याचा आवाज पडला की तोही गेला.

दुसरं कारण जास्त दडलेलं आहे. आवाजांमधली बारीकशी शांतता, फट, तरुण कानाला दोन-तीन मिलिसेकंदांचीसुद्धा जाणवते. वय वाढतं तशी ही धार बोथट होते, आणि आलेख चांगला असलेल्या माणसातही होते. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी काही भागांत केसपेशी आणि तंतू यांच्यातले निम्म्याच्या आसपास जोड कायमचे तुटलेले होते. माणसांतला पुरावा अजून गोळा होतो आहे, म्हणून मी तो छातीठोकपणे मांडत नाही. पण नाशिक ढोलाच्या पथकातली विशी-पंचविशीची मुलं माझ्याकडे येतात, आलेख साफ असतो आणि कॉलेज रोडच्या हॉटेलात मित्राचं बोलणं कळत नाही म्हणतात, तेव्हा मला तो अभ्यास आठवतो. ढोल सोडा असं मी त्यांना कधी म्हणत नाही, तो आपला जीव आहे. सरावालासुद्धा कानात बोळे घाला म्हणतो. मिरवणूक दोन-चार दिवस असते, सराव महिनोन् महिने चालतो.

इथे थोडं बाजूला जातो, कारण एखादी तान्ह्या बाळाची आई हे वाचत असेल. वेळेचा हा बिघाड सगळ्यात उघडा दिसतो तो ऑडिटरी न्यूरोपथी नावाच्या आजारात. १९९६ मध्ये अर्नोल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी त्याला हे नाव दिलं. यात आवाज कानात शिरतो, बाहेरच्या केसपेशी ठीक असतात, पण तंतूंचे ठोके एकत्र पडत नाहीत. माणूस आवाजाला वळतो, शब्दाला नाही. नवजात बाळाची कावीळ खूप वाढली असेल, बाळ फार आधी जन्मलं असेल किंवा जन्मताना प्राणवायू कमी पडला असेल, तर ही शक्यता वाढते. जन्मल्यावर होणारी साधी झटपट चाचणी, ओएई, फक्त केसपेशी तपासते आणि अशा बाळाला ‘पास’ ठरवते. म्हणून अशा बाळांची बेरा चाचणी करून घ्याच. त्यात पहिल्या दहा मिलिसेकंदांत मेंदूच्या देठापर्यंत जाणाऱ्या लाटा दिसतात, आणि ठोके विस्कळीत असतील तर त्या उमटतच नाहीत. निफाडकडचा एक मुलगा माझ्याकडे पाच वर्षांचा होऊन आला. सगळीकडे ‘कान ठीक आहेत, उशिरा बोलेल’ असंच सांगितलं गेलं होतं. बोलण्याची सगळ्यात मोलाची वर्षं गेली. ते मला अजून सलतं.

परत अण्णांकडे. पहिली गोष्ट, ओरडणं थांबवा. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं आहेत तिथेच राहतात, आणि फुगलेला ‘आ’ त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या ‘त’ला आणखी झाकतो. शब्द ओढूनताणून लांबवण्यानेही फार साधत नाही. थांबा. वाक्यात दोन-तीन शब्दांनंतर श्वासाएवढी जागा सोडा. २००९ मध्ये घिट्झा आणि ग्रीनबर्ग यांनी बोलणं तिप्पट वेगाने दाबलं, तेव्हा ऐकणाऱ्यांचे निम्म्याहून जास्त शब्द चुकले. मग तेच दाबलेलं बोलणं तुकडे करून, दर तुकड्यानंतर ८० मिलिसेकंदांची शांतता घालून ऐकवलं, आणि चुका पुष्कळ कमी झाल्या. ध्वनी एकही सावकाश केला नव्हता. सेकंदाला चार-पाच अक्षरं ही बोलण्याची नैसर्गिक लय आहे, मेंदूचा स्वतःचा ठेकाही त्याच्याशी जुळतो, आणि शांततेने ती लय परत मिळाली. घरी हे करून बघायला पैसे लागत नाहीत. “अण्णा, [थांबा] उद्या सकाळी, [थांबा] पंचवटीला जायचंय.” विषय बदलताना आधी विषयाचं नाव घ्या: “लग्नाचं बोलतोय आता.” मेंदूला शक्यता हातात घेऊन उभं राहायला तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट, जवळ या. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, आणि पंख्याचा आवाज तेवढाच राहतो. आतल्या खोलीतून हाक मारून बोलण्याची सवय आपल्या सगळ्या घरांत आहे, ती सोडा. फरशी आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. जाड पडदे, सतरंजी, टेबलावर कापड याने फरक पडतो. रामकुंडावर गर्दीच्या दिवशी भोंग्यातल्या सूचना तरुणांनाही का कळत नाहीत? शंभर मीटर लांबचा दुसरा भोंगा तेच वाक्य सुमारे तीनशे मिलिसेकंद उशिरा पोचवतो, म्हणजे एका अख्ख्या अक्षराहून जास्त. घरात तेच छोट्या मापाने चालतं.

चेहऱ्यावर उजेड ठेवा. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवलं की ओठ ‘गा’ म्हणताना दिसले आणि कानावर ‘बा’ पडला, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येतो. ओठांची हालचाल आवाजाच्या किंचित आधी सुरू होते, आणि मेंदू ती आगाऊ बातमी वापरतो. अण्णांना खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड तुमच्या तोंडावर पडेल.

मशीनबद्दल: जिथून घेतलं तिथे परत जाऊन गोंगाटासाठी वेगळा प्रोग्रॅम आणि समोरच्या दिशेचा माइक सुरू आहे का विचारा. मशीन मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज वाढवतं, त्या दाबण्या-वाढवण्याचा वेग सावकाश ठेवून बघायला सांगा. फार चपळ ठेवला की अक्षरांमधल्या दऱ्या भरून निघतात आणि लय सपाट होते. सगळ्या वृद्धांना सावकाश वेगच मानवतो असं नाही, पण करून बघण्याजोगं आहे. आणि यंत्र दिवसाकाठी आठ-दहा तास कानात राहू द्या. फक्त पाहुणे आल्यावर घातलं तर मेंदूला नव्या आवाजाची सवयच होत नाही.

‘मेंदूचा वेग वाढवणारी’ महाग कॉम्प्युटर ट्रेनिंग विकणारे भेटतील. त्या खेळांत माणूस त्या खेळांपुरता तरबेज होतो. लहान मुलांसाठी विकल्या गेलेल्या अशा एका प्रसिद्ध प्रोग्रॅमच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये घेतला गेला, त्यात भाषा किंवा वाचन सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. ते पैसे दुसऱ्या कानाच्या मशीनला लावा.

त्याऐवजी हे करा. रोज संध्याकाळी नातवाने वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं पान अण्णांना वाचून दाखवायचं, दहा मिनिटं. अण्णांनी ऐकलेला आकडा म्हणायचा, चुकला तर नातवाने तोच पुन्हा म्हणायचा, ओरडायचं नाही. पहिला आठवडा पंखा बंद, तोंड समोर. दुसरा आठवडा पंखा चालू. तिसऱ्या आठवड्यात भाव सोडून बातमी, तीही अण्णांना आधी माहीत नसलेली. कांद्याच्या भावात सुधारतील आणि बातमीत अडतील, असा माझा अंदाज आहे. चुकलेले शब्द एका वहीत लिहून ठेवा: काय म्हटलं, काय ऐकलं. सात-साठ, तीस-वीस अशा जोड्या जास्त असतील तर वरच्या पट्टीची बाजू धरू. कार-गारसारख्या जोड्या किंवा अख्खे शब्द गळत असतील तर वेळेची बाजू धरून शब्द ओळखण्याची, फट ओळखण्याची आणि बेरा या तिन्ही चाचण्या करू. वही आणि जुना रिपोर्ट घेऊन या, आणि येताना अण्णांसोबत तो नातूही असू द्या.